घरी सायकल दुरुस्तीचा कोपरा मांडायचाय: पेटी घेऊ की सुटी हत्यारं?

उनाड चाक

मंडळी, घरात तीन सायकली आहेत. माझी गिअरवाली, हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची. बायकोची साधी, बिनगिअरची, माझ्या सायकलीहून वयाने मोठी. आणि लेकीची छोटी, जिची चेन दर दोन दिवसांनी उतरते.

आजवर सगळं मेकॅनिककडेच व्हायचं. मागच्या महिन्यात सर्व्हिसिंग करून आणलेल्या माझ्या सायकलीचं डावं पायडल भर रस्त्यात निखळून पडलं. कोणीतरी ते तिरकं घालून जोर लावून पिळलं होतं, क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटेच गेले. नवा क्रँक घ्यावा लागला. पडलो नाही एवढंच नशीब. त्या दिवशी ठरवलं, आता बाकीचं जमो न जमो, नट आपणच आवळायचे.

बंद गॅलरीचा एक कोपरा मिळालाय, सहा बाय चार फूट. एक ३७ हत्यारांची पेटी बघून ठेवली आहे, निळ्या फोममध्ये प्रत्येक पान्याला आपापली खाच असलेली. दिसते फार देखणी. प्रश्न असे: पेटी घ्यावी की एकेक हत्यार? सायकल टांगायचा स्टँड लागतोच का? टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळायचा पाना, ही चैन आहे की गरज? ग्रीसच्या डब्याला हात लावायची वेळ शाळेनंतर आलेली नाही, हे लक्षात ठेवून सांगा.

छर्रा

सगळ्यात आधी चुंबक घ्या. का ते बेअरिंगचे छर्रे पलंगाखाली गेले की कळेल.

गंजका बोल्ट

पेटी घेऊ नका. ३७ पैकी वीस हत्यारं तुमच्या तिन्ही सायकलींना लागणारच नाहीत, आणि जे लागेल ते नेमकं त्यात नसेल.

त्याऐवजी एक संध्याकाळ वही घेऊन सायकलींपुढे बसा. प्रत्येक बोल्ट बघा आणि लिहा. तुमच्या गिअरवाल्या सायकलीवर बहुतेक ठिकाणी ४, ५ आणि ६ मिमीची अ‍ॅलन की (षटकोनी चावी) लागेल. बारीकसारीक स्क्रूंना २, २.५ आणि ३. क्रँकला किंवा काही पायडलांना ८. डिस्कची चकती सहा बोल्टांनी बसवलेली असेल तर तिला चांदणीच्या आकाराची टी२५ लागते, तिथे अ‍ॅलन की घुसवायचा मोह टाळा. बायकोच्या सायकलीला यातलं काही चालणार नाही. तिथे नट असणार, म्हणजे रिंग पाने: ८, १०, १३, १५.

ही यादी हातात आली की कळेल की निम्म्याहून जास्त कामं तीन अ‍ॅलन कींवर होतात. मग त्या तीन उत्तम घ्या. उत्तम म्हणजे कडा धारदार, पोलाद कडक. हलकी चावी बोल्टच्या खाचेत फिरते आणि खाच गोल करून टाकते. तो बोल्ट काढायला पुढे ड्रिल आणावं लागतं, आणि ड्रिल आलं की ते काम दुपारभर चालतं.

बॉल टोकाच्या अ‍ॅलन की तिरक्या कोनातून फिरवायला छान, पण शेवटचं आवळणं त्या टोकाने करायचं नाही. त्यासाठी आखूड, सपाट टोक वापरायचं.

पाचवा गिअर

गंजका बोल्ट यांच्याशी असहमत. मी आठ वर्षांपूर्वी पेटीच घेतली आणि एकदाही पस्तावलो नाही. रात्री साडेदहाला, उद्या पहाटे राइड असताना कळतं की कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, सैल झालीय. तेव्हा ती धरून ठेवणाऱ्या लॉकरिंगची चावी आणि चेनची चाबूक-चावी पेटीत असते, म्हणून राइड होते. एकेक हत्यार घेणारा माणूस त्या रात्री झोपतो.

शिवाय सगळं सुटं घेतलं तर बेरीज पेटीच्या दुप्पट होते. करून बघितलीय.

एवढं मान्य, की त्या पेटीतली ५ ची अ‍ॅलन की दुसऱ्या वर्षी गोल झाली. पाने पण जरा मऊच निघाले. आणि चेन तोडायच्या हत्याराची पिन वाकली. ते तिन्ही नंतर वेगळे चांगले घेतले.

गंजका बोल्ट

@पाचवा गिअर, माझी बाजू इतक्या सविस्तर मांडल्याबद्दल आभार.

पाचवा गिअर

खिक्. घ्या, एक शून्य.

सावलीतली सीट

मी ना पेटी घेतली ना स्टँड, तरी चार वर्षं घरची सगळी कामं करते. स्टँडबद्दल सांगते.

सुरुवातीला सायकल उलटी, सीट आणि हँडलवर उभी करायचे. साध्या सायकलीला चालतं. पण हायड्रॉलिक ब्रेक असेल तर सांभाळून. लिव्हरच्या टाकीत थोडी हवा असेल तर उलटं केल्यावर ती नळीत चढू शकते आणि सरळ केल्यावर लिव्हर स्पंजासारखी दबते. माझी तशी झाली होती. बऱ्याचदा लिव्हर दाबून बांधून रात्रभर सरळ ठेवली की हवा परत वर येते. नाहीच आली तर ब्लीड करणं, म्हणजे तेलातली हवा काढणं, आलं.

मग छताच्या हुकाला दोन दोर बांधले, एक सीटच्या पुढच्या नाकाला, एक हँडलला. सायकल झुलते हे खरं, पण पायडल फिरवून गिअर लावायला पुरे. जोराचं काम, म्हणजे पायडल काढणं वगैरे, मी सायकल खाली चाकांवर उभी करूनच करते. तेव्हा सायकलचं स्वतःचं वजन मदतीला येतं.

पुढे कधी स्टँड घेतलाच तर शिकंजा सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) लावा, फ्रेमच्या आडव्या नळीवर नको. पातळ अ‍ॅल्युमिनियम चेपतं, कार्बनला तडा जातो.

टायर लिव्हर प्लास्टिकचे घ्या, आणि दोन नको, तीन. तिसरा नेहमी हरवतो.

निव्वळ वाचक

वाचतोय. जागा धरून ठेवली.

दातेरी

अवांतर, पण धागाकर्त्याच्या निखळलेल्या पायडलाशी संबंधित. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण का असतात हे विचारलं की गडबड होते. सहज वाटेल की पायडल फिरता फिरता बेअरिंगच्या घर्षणाने आटे सुटतील, म्हणून उलटे केले. तसं धरलं तर आटे आत्ता आहेत त्याच्या बरोबर विरुद्ध हवे होते!

खरं कारण वेगळं. पायाचा दाब क्रँकच्या भोकात एका जागी राहत नाही, तो गोल फिरत राहतो. पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचं वरचं टोक हवेत गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने वळते. पायडलाची दांडी तेच करते, आणि हा परिणाम घर्षणापेक्षा भारी पडतो. म्हणून उजवीकडे सरळ आटे, डावीकडे उलटे.

लक्षात ठेवायची सोपी रीत: कुठलीही बाजू असो, १५ चा पाना दांडीला वरच्या बाजूने लावा. पाना मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळतं. बसवताना पहिले तीन-चार फेरे बोटांनी. बोटांनी जात नसेल तर ते तिरकं जातंय. पाना तिथे उचलायचाच नाही. आणि आट्यांना ग्रीस.

रच्याकने, ऑर्व्हिल आणि विल्बर राइट यांचं डेटनला १८९२ पासून सायकलचं दुकान होतं. १९०३ साली जे विमान उडवलं त्याचे पंखेसुद्धा इंजिनाला चेन आणि दातेरी चक्रांनी जोडलेले होते. तेव्हा कोपरा नीट मांडा, कुठवर जाल सांगता येत नाही.

छर्रा

गॅलरीतून उडू नका म्हणजे झालं.

तेलकट बोटं

दातेरी, पेन्सिलचा प्रयोग आत्ता ऑफिसच्या मीटिंगमध्ये करून पाहिला. वळते! साहेबांनी विचारलं काय चाललंय. ☺

माझं एक शहाणपण, किंमत मोजून मिळालेलं. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० म्हणजे चेनचं तेल नव्हे. नावातच आहे, वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयोग जमला म्हणून ४०. १९५३ सालचा माल. गंज सोडवायला, जुना चिखल-चिकटा काढायला उत्तम. पण चेनवर तो टिकत नाही, आणि आधीचं तेलही सैल करून घेऊन जातो. त्यावर चेनचं तेल घालावंच लागतं.

मी काय केलं? चेनवर फवारला, दूरवरून, ऐटीत. तुषार मागच्या डिस्कवर गेले. पुढचे दोन आठवडे ब्रेक दाबला की सायकल थांबायची नाही, फक्त किंचाळायची. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ झाली, पण पॅडनी तेल पिलं होतं, ते फेकावे लागले. डिस्कवाल्या सायकलीजवळ कुठलाच फवारा नको. तेल थेंबाथेंबाने, चेनच्या आतल्या बाजूला, प्रत्येक रोलरवर, आणि पाच मिनिटांनी बाहेरचं सगळं फडक्याने पुसून टाका. तेल बाहेर दिसायला नकोच, तिथे ते फक्त धूळ धरतं.

आणि चेन फिरत असताना फडक्याने पुसायची असेल तर खालच्या पट्ट्यात, हलक्या हाताने, दातेरी चक्रापासून लांब. माझ्या डाव्या तर्जनीचं नख तीन महिन्यांनी आलं.

तिरपा आरा

हत्यारांच्या यादीत आऱ्यांची चावी कोणीच घातली नाही? रिम आऊट झाली, म्हणजे वाकडी फिरायला लागली, की सगळे घाबरतात. एवढं अवघड नाही, फक्त धीर हवा.

महागडा ट्रूइंग स्टँड नको. चाक सायकलीतच ठेवा, फ्रेमला दोन्ही बाजूंनी एकेक झिप टाय बांधा आणि टोकं रिमपासून मिलिमीटरभर अंतरावर कापा. चाक फिरवलं की जिथे टोक घासतं तिथे आऊट. रिम डावीकडे ओढली गेली असेल तर त्या जागचे उजव्या बाजूचे आरे आवळा, किंवा डावीकडचे सैल करा. एका वेळी पाव फेरा. खरंच पाव. मग परत फिरवून बघा. पहिल्यांदा मी उत्साहात पूर्ण एकेक फेरा देत गेलो आणि अर्ध्या तासात रिमचा पापड केला.

चावी मात्र निपलच्या, म्हणजे आऱ्याच्या टोकाच्या बारक्या नटाच्या, मापाचीच हवी. ३.२३, ३.३०, ३.४५ मिमी अशी जवळजवळची मापं असतात. डोळ्याला सारखीच दिसतात, पण ढिली चावी निपलचे कोपरे खाते.

ताण समजायला आरे बोटाने छेडून बघा. एका बाजूचे आरे साधारण एका सुरात लागले पाहिजेत. मागच्या चाकाला उजव्या-डाव्या बाजूचा सूर वेगळा असतो, ते बरोबर आहे, कॅसेटमुळे रिम दोन्हीकडून सारख्या कोनात ओढली जात नाही.

सावलीतली सीट

तंबोरा जुळवणाऱ्यांनी मग चाकंही जुळवावीत!

तिरपा आरा

माझी बहीण तेच करते. तिचा कान माझ्याहून चांगला आहे, तिच्याकडूनच तपासून घेतो.

उनाड चाक

अरे वा, एका दिवसात एवढं! पेटीचा मोह निम्मा उतरलाय. वही घेऊन बसलो होतो. गंजका बोल्ट म्हणाले तसंच निघालं: माझ्या सायकलीवर एकवीस ठिकाणी ४ किंवा ५ ची अ‍ॅलन. ८ फक्त एका जागी.

टॉर्क पान्याबद्दल कोणीच बोललं नाही. हँडलच्या स्टेमवर ५ एनएम (न्यूटन-मीटर) असं छापलंय. म्हणजे नेमकं किती?

दातेरी

१० सेंमी लांब चावीच्या टोकाला साधारण ५ किलो वजन टांगलं तर जेवढा पीळ बसतो तेवढा. म्हणजे वाटतं त्याहून खूपच कमी. बहुतेक लोक स्टेमला याच्या दुप्पट पिळतात आणि मग बोल्ट तुटला की कंपनीला नावं ठेवतात.

उलट कॅसेटच्या लॉकरिंगला ४० एनएम लागतो, तिथे लोक हळुवारपणा दाखवतात आणि पाचव्या गिअरची पहाटेची राइड बुडते.

बॅगा मोजायचा हुकवाला काटा घरात असेल तर तोच चावीच्या टोकाला अडकवून ओढा. ओढ चावीला काटकोनात हवी. टॉर्क पान्याइतकं अचूक नाही, पण हाताला अंदाज बसतो.

गंजका बोल्ट

काट्याची युक्ती आवडली. भर घालतो: फ्रेम, हँडल किंवा सीटपोस्ट कार्बनचा असेल तर टॉर्क पाना गरज आहे, चैन नाही. सगळं धातूचं असेल तर सहा महिने थांबा. घेतलात तर त्याने बोल्ट सोडवायचे नाहीत, फक्त आवळायचे. आणि क्लिकवाला असेल तर काम झाल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग थकते.

ज्यावर खरंच खर्च करावा असं माझं मत, ते म्हणजे केबल कापायची कात्री. साध्या पकडीने केबल कापली की तिच्या तारा विस्कटतात आणि ती आवरणात परत जात नाही. नवी केबल वाया. हे मी वर्षानुवर्षं करत होतो. आवरणाचंही सांगून ठेवतो: गिअरच्या आवरणात तारा उभ्या, लांबीच्या दिशेने असतात, ब्रेकच्या आवरणात गुंडाळलेल्या. गिअरचं आवरण ब्रेकला कधीही लावू नका, जोरात ब्रेक दाबल्यावर ते फुटू शकतं.

पाचवा गिअर

डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, बारक्या स्क्रूंसाठी आणखी एक. ते चौफुलीचे स्क्रू बऱ्याचदा जपानी मापाचे, जेआयएस असतात. साधा फिलिप्स त्यात नीट बसत नाही, उसळून बाहेर येतो आणि डोकं खातो. माझ्या पेटीत अर्थात फिलिप्सच होता. दोन शून्य.

मधली वाट

धागा वाचून दम लागला. विरोधी मत नोंदवतो. मी पण एक कोपरा मांडला होता. दोन वर्षांत लक्षात आलं की माझा शनिवार सायकल चालवण्यात नाही, सायकलीखाली जातोय. आता हवा, पंक्चर, चेनचं तेल आणि ब्रेकचे पॅड एवढंच घरी. बाकी सगळं चांगल्या मेकॅनिककडे. एकाने पायडल तिरकं बसवलं म्हणून सगळे तसे नसतात. माझा मेकॅनिक हबचे कोन, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगचे शंकू, ज्या सहजतेने लावतो, ते मला दहा वर्षांत येणार नाही.

सावलीतली सीट

मधली वाट, पटतं, पण अर्धंच. मला सायकलीखालचा शनिवारच आवडतो.

गंजका बोल्ट

मधली वाट यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मीही हेडसेटचे (हँडलच्या बेअरिंगचे) कप बसवणं, दाबून बसवायचं प्रेस-फिट बॉटम ब्रॅकेट (दोन क्रँकच्या मधलं बेअरिंग) आणि फ्रेमचे आटे परत पाडणं बाहेरच करून घेतो. त्याची हत्यारं वर्षातून एकदा लागतात आणि चूक झाली तर फ्रेम जाते.

चेनचं मोजमाप मात्र घरीच करा, त्याला पट्टी पुरते. चेनच्या दहा पूर्ण जोड्या (एक आतली कडी, एक बाहेरची), पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत, नव्या चेनवर २५४ मिमी भरतात. २५५.३ च्या आसपास गेली की अर्धा टक्का झिजली. ११-१२ गिअरच्या सायकलीला तिथेच बदला, ९-१० गिअरला पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. त्यापुढे ती कॅसेटचे दात खायला लागते. अर्धा मिलिमीटर वाचायला डोळे तरुण हवेत, माझे नाहीत, म्हणून मी मापकाची पट्टी घेतली.

उनाड चाक

पाच आठवड्यांनी परत आलोय. हिशेब देतो.

पेटी घेतली नाही. अ‍ॅलन कींचा एक चांगला संच, टी२५, १५ चा पायडल पाना, तीन टायर लिव्हर, केबलची कात्री, चेन तोडायचं हत्यार, ग्रीस, चेनचं तेल, उभा पंप. चुंबक घेतला नाही. छताला दोर बांधलेत. लेकीच्या चेनचं कोडं पाच मिनिटांत सुटलं: मागचं चाक नुसतं पुढे सरकलेलं होतं, म्हणून चेन ढिली. मागे ओढून, सरळ करून नट आवळले. गेल्या तीन आठवड्यांत एकदाही उतरली नाही. ती मला आता कारागीर म्हणते.

याच हवेत बायकोच्या सायकलीला हात घातला. पायडल मारताना कटकट आवाज यायचा, म्हणून बॉटम ब्रॅकेट उघडायचं ठरवलं. क्रँक ओढायचं हत्यार आणलं. डावा क्रँक छान निघाला. उजव्याचा बोल्ट काढला, पण त्याच्या मागचा वायसर आतच चिकटलेला होता, तो दिसला नाही. हत्याराने दांडीऐवजी वायसरवर जोर लावला आणि क्रँकमधले आटे सोलून बाहेर आले. ज्यासाठी मेकॅनिकला शिव्या घातल्या, तेच मी स्वतः करून बसलो.

आता क्रँक निघत नाही. काय करू?

तेलकट बोटं

सुस्वागतम्. आता तुम्ही खरे सभासद.

दातेरी

डावा क्रँक परत बसवा. उजवा नुसता ठेवा, बोल्ट एक-दोन फेरे सैल लावून. आणि आवारातच, हळू, पाच-दहा मिनिटं पायडल मारत फिरा. चौकोनी दांडीवरून क्रँक आपोआप ढिला होतो. रस्त्यावर जाऊ नका. त्या क्रँकचं भोक यात खराब होईल, पण तो तसाही बदलायचाच आहे.

उनाड चाक

निघाला! सात चकरा. शेजारचे विचारत होते, वहिनींची सायकल घेऊन गोल गोल काय फिरताय.

डाव्या बाजूची खाचांची रिंग हुक पान्याने सोडवली, कप निघाला. आता उजवा कप हलत नाही. सोडवायला कुठल्या दिशेला फिरवू?

गंजका बोल्ट

थांबा! उजव्या कपाचे आटे बहुतेक सायकलींवर उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने सुटतो. पण तो काढूच नका. सगळी साफसफाई डाव्या बाजूने आत हात घालून होते. फडकं, ग्रीस, छर्रे, झालं. कपात खड्डे पडलेले दिसले तरच पुढचा विचार.

उनाड चाक

बरं झालं विचारलं, मी पाना लावून उलट्या दिशेने उभा राहिलो होतो.

साफ केलं. कप गुळगुळीत आहेत. एक शेवटचं. पाव इंची छर्रे एका बाजूला अकरा असतात ना? म्हणजे बावीस. माझ्याकडे एकवीस भरतायत. तीनदा मोजले.

छर्रा

पलंगाखाली बघा.

उनाड चाक

गॅलरीत पलंग नाही हो. नाली आहे.

गंजका बोल्ट

शोधू नका, बावीसच्या बावीस नवे टाका. एकवीस झिजलेले आणि एक नवा असं केलं तर सगळा भार त्या एकावर येतो. ग्रीस भरपूर लावा, त्यात ते चिकटून राहतात, बसवताना पडत नाहीत. आणि खाली एक जुनी चादर अंथरा, कडा वर दुमडून.

उनाड चाक

चादर अंथरली. चुंबकही मागवलाय.